सिस्टरच्या केंद्रात विंडोज मारली तेव्हा

मला नोकरी लागली ती स्वतःसाठी स्थळ शोधायला गेले तेव्हा. वडील मला घेऊन खामगावातल्या एका वधू-वर सूचक केंद्रात नाव नोंदवायला गेले होते. आमच्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींसाठी ते केंद्र एक बाई चालवायच्या. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळे सगळा तालुका त्यांना सिस्टर म्हणायचा. निम्मी उपवर पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्यांची लग्नं जुळवणं हा आपल्या ड्युटीचाच उरलेला भाग आहे, असं त्या मानायच्या.

माझा फोटो पाहता पाहता त्यांनी विचारलं, "टायपिंग येते का वं तुले?"

"हाव."

"मराठीतलं?"

"हाव. एमएससीआयटी झालं माह्यं."

"मंग उद्यापासून ये. माह्ये डोळे या स्क्रीनवर चालत नाहीत आता."

वडील स्थळ आणायला गेले आणि पोरीला नोकरी लावून परत आले. आई म्हणाली, "तुमाले एक काम सांगतलं तर दुसरंच करून येता." पण तिलाही बरं वाटलं असावं. माझं नाव केंद्रात नोंदलं गेलंच. ते मी कामाच्या पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं कंप्युटरमध्ये टाकलं. वर्षभरानं रोज आपलंच वय वाढताना पाहायचा कंटाळा आला, तेव्हा काढूनही टाकलं.

कंप्युटर म्हणजे एक जुनं, खोकणारं धूड होतं. त्यात जे सॉफ्टवेअर होतं ते अकोल्याच्या एका माणसानं बनवून दिलेलं. त्यात सगळ्या समाजांची सोय केलेली होती, म्हणून त्यात 'रास' नावाचा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय गाडी पुढं सरकायची नाही. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. मी सिस्टरना विचारलं, इथं काय टाकू? त्या म्हणाल्या, "टाक काहीबी. आपल्याले काय करा लागते राशीचं?" यादीत सगळ्यांत वर मेष होती. मी मेष टाकली. मग सगळ्यांनाच मेष टाकत गेले. बुलढाणा जिल्ह्यातले आमचे सगळे उपवर वधू-वर त्या कंप्युटरच्या लेखी एकाच राशीचे होते, आणि तीन-चार वर्षं त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही.

पुढं स्क्रीनवर सूचना यायला लागल्या की तुमची विंडोज जुनी झाली, आता तिला कोणी वाली नाही. सिस्टर प्रत्येक सूचना मोठ्यानं वाचायच्या आणि घाबरायच्या. त्यात नवा प्रिंटर घेतला तर तो या जुन्या विंडोजशी बोलेचना. मी अकोल्याला फोन लावणार होते, पण तेवढ्यात जयंतीच्या सुट्टीला सिस्टरचा भाचा आला.

भाचा पुण्यात आयटीत होता. मूळचा इथलाच, पण तिकडं जाऊन बोलणं पार बदललेलं. 'मले-तुले' गेलं होतं आणि प्रत्येक वाक्यात 'ॲक्चुली' आलं होतं. मावशीच्या कुलरसमोर खुर्ची ओढून तो म्हणाला, "मावशी, डोन्ट वरी. हे ॲक्चुली अर्ध्या तासाचं काम आहे. नवीन विंडोज मारून देतो."

"आन् माह्ये पोट्टे-पोट्टी?" सिस्टरनी विचारलं.

"त्यांचा बॅकअप घेतो ना आधी. बॅकअपशिवाय अपग्रेड करायचंच नसतं."

हे वाक्य अगदी बरोबर होतं. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला, लावला, आणि स्क्रीनवरचं केंद्राचं चित्र, ज्यावर दोनदा टिचकी मारून आम्ही रोज सॉफ्टवेअर उघडायचो, ते माउसनं ओढत नेऊन पेनड्राइव्हमध्ये टाकलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम झालं. मी आणि सिस्टर एकमेकींकडं पाहतच राहिलो. एवढी माणसं, त्यांचे फोटो, शिक्षण, अपेक्षा, सगळं क्षणात त्या बोटाएवढ्या वस्तूत गेलं! सिस्टर म्हणाल्या, "पाय, पुण्याचं शिक्षण असं असते." मी मान डोलावली. मला खरोखरच तसं वाटलं होतं.

मग त्यानं जुनं सगळं पुसलं आणि नवीन विंडोज मारली. तोवर आम्ही वरण-बट्टी खाल्ली. जेवून येऊन बघतो तर स्क्रीनवर निळंशार चित्र, सगळं कसं चकचकीत. प्रिंटरनं पहिल्याच फटक्यात कागद ओढला. भाच्यानं पेनड्राइव्ह लावला, केंद्राचं चित्र परत जागेवर ठेवलं आणि ऐटीत टिचकी मारली.

फाइल सापडत नाही, असं उत्तर आलं.

त्यानं परत मारली. मग उजव्या बाजूनं मारली. मग पेनड्राइव्ह काढून फुंकर घातली. कुलर चालू असून त्याच्या कानामागून घाम उतरायला लागला. शेवटी तो मागं वळला आणि पुण्यात गेल्यापासून पहिल्यांदाच घरच्या भाषेत बोलला, "मावशे, गेलं वं सगळं."

"कुठी गेलं?"

"मलेच समजून नाही राह्यलं."

अकोल्याच्या माणसाला मी फोन लावला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेनड्राइव्हमधी जे घेतलं थे केवढं हाय? साईज सांगा."

भाच्यानं पाहिलं. "दोन केबी."

पलीकडून तो म्हणाला, "भाऊ, थे नुसतं शॉर्टकट होय. तुम्ही दारावरची पाटी उचलून आणली, घर तिथंच राह्यलं. आन् घर तुम्ही पाडलं."

भाच्यानं संध्याकाळपर्यंत पुसलेलं परत काढायची दोन-तीन सॉफ्टवेअरं चालवून पाहिली. त्यातून काही अर्धवट फोटो निघाले. एका नवरदेवाचा नुसता फेटा, एका मुलीचा साडीचा काठ आणि मागचा स्टुडिओतला कुंड्यांच्या चित्राचा पडदा. सिस्टर ते फोटो निरखून बघत होत्या. काठावरून त्यांनी मुलगी ओळखलीसुद्धा, पण त्यानं काय होणार!

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून फोन आला. त्या माणसाकडं आमच्या डेटाची एक जुनी प्रत निघाली होती. तीनेक वर्षांपूर्वी आमचा कंप्युटर दुरुस्त करताना त्यानं खबरदारी म्हणून ती ठेवून घेतली होती. सॉफ्टवेअर आणि ती प्रत दोन्ही त्यानं पाठवली. भाच्यानं या वेळी प्रत्येक बटण दाबायच्या आधी त्याला फोनवर विचारलं. दुपारी सगळं उघडलं. ओळीनं माणसं दिसायला लागली. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "आले पाय सगळे," त्या म्हणाल्या, आणि मला चहा मागवायला लावला.

चहा यायच्या आत माझा मोबाइल वाजला. मेसेज होता. 'जयभीम. आपल्या अपेक्षेनुसार सुयोग्य स्थळ उपलब्ध आहे. मुलगा बी. ई. कंप्युटर, पुणे येथे नोकरी.' खाली संपर्काचा नंबर.

मी वर पाहिलं. समोर भाचा स्वतःच्या मोबाइलकडं बघत होता आणि त्याचा चेहरा विचित्र झाला होता. त्याला आलेल्या मेसेजमध्ये मी होते.

घोळ असा होता. पूर्वी सॉफ्टवेअरमध्ये आपोआप मेसेज पाठवायची एक खूण चालू असायची. लोकांना त्रास व्हायला लागला म्हणून ती आम्ही नंतर बंद केली होती. पण ही प्रत त्याच्या आधीची, मी माझं नाव काढलं त्याच्याही आधीची. त्यात खूण चालू होती. सॉफ्टवेअर जागं झालं, त्यानं पाहिलं की तीन वर्षांत एकही मेसेज गेलेला नाही, आणि त्यानं मागची सगळी थकबाकी एका दमात काढायला घेतली. स्थळं जुळवताना ते सगळ्यांत आधी रास बघायचं. आणि आमच्याकडं तर सगळेच मेष! ज्यानं अपेक्षेच्या रकान्यात काही अट घातली नव्हती, त्याला जवळजवळ सगळा जिल्हाच सुयोग्य होता.

मी धावत जाऊन इंटरनेटची वायर उपटली. पण जायचे ते मेसेज गेले होते.

"पण माझं नाव यात कोणी टाकलं?" भाच्यानं विचारलं.

सिस्टर चहाच्या कपात बघत म्हणाल्या, "टाकलं असन कोणं."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. मेहकरकडचे कोणी गृहस्थ होते. मुलीचे वडील. तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा. पुण्यात नोकरी असलेला, स्वतःची कोणतीही अट नसलेला इंजिनिअर जिल्ह्यातल्या किती वडिलांच्या मोबाइलवर एकाच वेळी पोचला होता, याचा हिशेब आम्ही केला नाही. तो संध्याकाळपर्यंत "हो काका", "नाही काका", "अहो काका, चुकून गेलाय मेसेज" असं म्हणत अंगणात फेऱ्या मारत होता.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. तीन वर्षांत या यादीतल्या बहुतेकांची लग्नं झाली होती. निम्मी तर आम्हीच जुळवलेली. आणि त्या सगळ्या संसारी माणसांना आता नवी स्थळं गेली होती.

सगळ्यांत आधी उंद्रीहून एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर मूल, नवरा दोन पावलं मागं, मान खाली घालून. बाई दारातूनच म्हणाली, "सिस्टर, याच्यासाठी पोरी पाहून राह्यल्या का तुम्ही? आमचं लग्न तुमीच जमवलं ना?"

"अवं, कंप्युटरची चूक झाली माय. बस."

"बसत नाही. काऊन पाठवले मेसेज? याले अकरा पोरी पाठवल्या, अकरा! वाचून हासून राह्यला होता."

"मी कुठी हासलो?" नवरा मागून म्हणाला.

"आन् माह्या बापाच्या मोबाइलवर माह्यासाठी बी आला," बाईचा आवाज आणखी चढला. "एकच आला. थो बी याचाच!"

मी नोंद उघडून पाहिली. नोंदणीच्या वेळी नवऱ्यानं एकही अट घातली नव्हती, मी वायर उपटली म्हणून अकरावर थांबलं. बाईनं मात्र आपलाच तालुका, कायमची नोकरी, दारू-तंबाखू नाही, घरी शौचालय, असं सगळं नीट लिहिलं होतं. त्या चाळणीतून अख्ख्या जिल्ह्यातला एकच माणूस खाली पडत होता, आणि तो तिच्या मागं उभा होता. मी हे तिला समजावून सांगितलं. ती थोडा वेळ नवऱ्याकडं बघत राहिली. तोवर सिस्टरनी मूल तिच्या कडेवरून काढून घेतलं होतं, त्याचे डोळे, जीभ, पोट बघितलं होतं आणि गोवरचं इंजेक्शन दिलं का ते विचारलं होतं. ते राहिलं होतं. मग भांडण जे थांबलं ते थांबलंच. चूक सिस्टरची होती, पण घरी जाताना माफी मागत गेली ती बाई.

ती गेल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "काय लिहिलं तू आता?"

"दोघांच्या नावापुढं 'विवाहित' टाकलं. मूल एक."

त्या एकदम ताठ बसल्या. "मंग झालं तर! जे भांडाले येतीन त्यायले आधी बसव. पाणी दे. मंग विचार, लग्न कधी झालं, कोणाशी झालं, कुठी राह्यता. भांडू दे पोटभर. आपलं लिहिनं चालू ठेव."

तसंच केलं. हरवलेली तीन वर्षं लोक स्वतः आणून देत होते, तीही शिव्यांसकट. भाच्यानं रजा वाढवली आणि फोनवर बसला. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला 'सर, ॲक्चुली सिस्टीम एरर' म्हणायचा, त्यानं लोक जास्तच भडकायचे. चौथ्या दिवशी तो "दादा, चुकलं बाप्पा आमचं, पण आता फोन केलाच तर वहिनीचं शिक्षण सांगून टाका" म्हणायला लागला होता आणि त्याचं काम माझ्यापेक्षा झपाट्यानं होत होतं.

एक फोन मात्र वेगळा होता. नांदुऱ्याजवळच्या एका गावातून एक वयस्कर गृहस्थ बोलत होते. भाच्यानं ऐकलं आणि फोन सिस्टरकडं दिला. त्यांची मुलगी आदल्या वर्षी आजारपणात गेली होती. तिच्यासाठी स्थळ आल्याचा मेसेज त्यांना मिळाला होता. ते रागावलेले नव्हते. सिस्टरनी फोनचा स्पीकर चालू केलेला असायचा, म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, "चुकून आला असन, समजलं मले. पण वाचून बरं वाटलं, सिस्टर. कोणी तरी अजून तिचं नाव घेऊन राह्यलं." सिस्टर त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. त्या मुलीचा जन्म त्यांना आठवत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, चष्मा लावला आणि ती नोंद स्वतः शोधून स्वतः काढली. एरवी त्या माउसला हातही लावायच्या नाहीत. मी मदत करायला गेले तर हातानं थांबवलं.

जुन्या लोकांचं असं जमत गेलं, पण गेल्या तीन वर्षांत ज्यांनी नव्यानं नावं नोंदवली होती, ती तर त्या प्रतीत नव्हतीच. त्यांना मेसेज गेले नव्हते, म्हणून ते भांडायलाही येत नव्हते. फॉर्म आम्ही कंप्युटरवर भरून घ्यायचो आणि लोकांनी आणलेले बायोडाटे परत द्यायचो. त्यांचं काय करावं ते सुचेना.

आमच्या शेजारी एका मुसलमान गृहस्थांचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यांना आम्ही भाईजान म्हणायचो. ते गर्दीची तक्रार करायला आले. लोक त्यांच्या दारात मोटारसायकली लावत होते. सिस्टरनी त्यांनाही सवयीनं बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. भाईजाननी पाणी पिऊन विचारलं, "बायोडाटा तर सगळे माह्याच दुकानात छापतेत ना?"

"हाव."

"मोबाइलवरून माह्या कंप्युटरवर पाठवतेत. थे सगळं पडेल हाय तिकडं."

"पुसलं नाही तुम्ही?"

"सिस्टर, पुसाले टाईम कोणाले हाय?"

आम्ही तिघंही त्यांच्या दुकानात गेलो. दुकान उघडल्यापासूनचं सगळं तिथं होतं. सातबारे, हॉलतिकिटं, रेशनकार्डं, एका म्हशीचा विम्याचा फोटो, आणि या सगळ्यात मिसळलेले आमचे बायोडाटे. सिस्टर तर नाचायच्याच बाकी होत्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाईजान लग्नपत्रिकाही छापायचे. बायोडाट्यावरून माणूस मिळायचा आणि पत्रिकेवरून त्याचं पुढं काय झालं ते कळायचं. आम्ही फक्त आमची माणसं तेवढी उचलली. बाकीचं भाईजानना पुसायला सांगितलं. ते 'हाव' म्हणाले, पण त्यांनी पुसलं असेल असं मला वाटत नाही.

उन्हाळा संपता संपता केंद्र पूर्ववत झालं. अकोल्याच्या माणसानं राशीच्या यादीत 'लागू नाही' असा एक पर्याय घातला. भाच्याला मात्र सुटका नव्हती. मुलींच्या वडिलांचे फोन थांबेनात, तेव्हा पुण्याला जायच्या आदल्या दिवशी त्यानं सांगून टाकलं की ऑफिसातल्या एका मुलीशी त्याचं ठरलेलं आहे. कोल्हापूरकडची आहे. सिस्टर जातीवरून किंवा गावावरून काही बोलतील असं वाटून तो घाबरला होता. त्या भलत्याच कारणानं चिडल्या.

"जिल्हाभराच्या पोरायचं मी जमवतो, आन् माह्या घरचं स्थळ परस्पर जमलं? लोक काय म्हणतीन?"

"मावशे, आता जमलं त्याले काय करू?"

"थे काही नाही. तिले फॉर्म भराले लाव आधी. फोटोसकट."

तिनं खरोखर फॉर्म भरला. अपेक्षेच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'नवऱ्यानं घरचा कंप्युटर दुरुस्त करू नये.' सिस्टरना ती तिथंच पसंत पडली. माझं लग्न त्या मेसेजांतून जमलं नाही. ते दोन वर्षांनी सिस्टरनी भाजीबाजारात उभ्या उभ्या जमवलं, कंप्युटर न उघडता.

परवा परत नवीन विंडोज घ्यायची वेळ आली. आता काम मी करते. आधी सॉफ्टवेअरच्याच आतून डेटाची पूर्ण प्रत काढली, तिची साईज पाहिली, मेसेजची खूण बंद आहे ना ते दोनदा तपासलं. एक प्रत सुट्या हार्डडिस्कवर, एक अकोल्याला. नुसती प्रत असून भागत नाही, ती उघडते का ते दुसऱ्या यंत्रावर बघावं लागतं, म्हणून भाईजानच्या कंप्युटरवर इंटरनेटची वायर काढून ती उघडली. मग सिस्टर शेजारी बसल्या. मी केंद्रातून छापून आणलेली मूळ नोंद वाचायची, त्यांनी प्रतीतली ताडून बघायची, असं ठरलं होतं. जुन्या यंत्राला ही सगळी तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही.

पाच-सहा नोंदी बरोबर जुळल्या. सातव्या नोंदीवर सिस्टर थांबल्या.

"ही पोरगी शेगावची ना? नर्सिंग केलेली?"

"हाव."

"आन् मघाचा थो पोट्टा, मलकापूरचा. त्याले नर्सच पायजे होती."

"सिस्टर, आपण प्रत तपासून राह्यलो."

"तपास की. मी कुठी नाही म्हणतो? तिच्या बापाले लाव आधी फोन."

बापाला फोन लावला, मग मुलाच्या मामाला, मग परत बापाला. भाईजानचं गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं होतं आणि भाईजान स्वतः मुलाच्या मामाला ओळखत असल्यामुळे तेही फोनवर बोलत होते. त्या दिवशी विंडोज मारणं झालंच नाही. ते पुढच्या आठवड्यात झालं, आणि एकही माणूस हरवला नाही.